मांजराला नाव आहे, बायकोला नाही

परवा शनिवारी कपाट आवरताना एडगर ॲलन पोच्या कथांचं जुनं पुस्तक हाती लागलं. आवरणं राहिलं बाजूला, तिथेच फतकल मारून 'द ब्लॅक कॅट' (१८४३) पुन्हा वाचली. कॉलेजात वाचलेली, तेव्हाचं काय आठवत होतं? दारुडा निवेदक, मांजर, आणि भिंतीतून येणारा तो आवाज.

या वेळी वेगळ्याच जागी अडकलो. हा माणूस मांजराचा डोळा कसा काढला ते सविस्तर सांगतो, पण बायकोवर हात उचलायचो हे जाता जाता उरकून टाकतो. शेवटी कुऱ्हाड बसते ती तिच्याच डोक्यात. पहिल्या मांजराला नाव आहे, प्लूटो. बायकोला नाहीच!

पोवर राग नाही. खुनीच गोष्ट सांगतोय म्हटल्यावर तो अशीच सांगणार. पण मी इतकी वर्षं ही 'मांजराची गोष्ट' म्हणून मित्रांना सांगत आलो, त्याचं काय?

मग सूझन ग्लास्पेलची 'अ ज्युरी ऑफ हर पीअर्स' (१९१७) काढली. नवऱ्याचा गळा दोरीनं आवळलेला, बायको तुरुंगात. शेरीफ आणि सरकारी वकील खून का झाला ते शोधत घरभर, गोठ्यात हिंडतात. स्वयंपाकघरात काय असणार म्हणून तिकडे बघतही नाहीत. तिथे बसलेल्या दोन बायकांना मात्र सगळं दिसतं. अर्धवट पुसलेलं टेबल, गोधडीत एकाएकी वेडीवाकडी झालेली शिवण, मोडलेला पिंजरा आणि मान पिरगळलेला कॅनरी. आम्ही कसं, एरर मेसेज वाचतो पण लॉग उघडत नाही. तसंच हे.

ग्लास्पेल आधी आयोवात वार्ताहर होती. जॉन हॉसॅक नावाच्या शेतकऱ्याचा १९०० साली झोपेत कुऱ्हाडीनं खून झाला, त्या खटल्याच्या बातम्या तिनं दिल्या होत्या. घरातली भांडणं, नवऱ्याची दहशत शेजाऱ्यांना ठाऊक होती. कोर्टात ती बाहेर आली, पण बायकोच्या बाजूनं नाही. 'खुनाचा हेतू' म्हणून, तिच्याच विरोधात. ज्युरी सगळी पुरुषांची. १९०१ ला शिक्षा झाली, १९०२ ला वरच्या कोर्टानं ती रद्द केली, १९०३ च्या फेरसुनावणीत ज्युरीचं एकमत झालं नाही आणि ती सुटली.

कथेतल्या बायका पुरावा लपवतात. ते बरोबर की चूक यावर वाद घालता येईल. मला जास्त लागलं ते मिसेस हेलचं स्वतःला दोष देणं. इतकी वर्षं शेजारी राहून ती त्या घरी फारशी गेलीच नव्हती. तिच्या मते हाही गुन्हाच, आणि याची शिक्षा कोण देणार?

झोरा नील हर्स्टनच्या 'स्वेट'मध्ये (१९२६) फ्लोरिडातल्या एका गावात पुरुष दुकानाच्या ओट्यावर बसलेत. साइक्स बायकोला, डीलियाला, कसा मारतो हे सगळ्यांना माहीत. त्याला धडा शिकवायला हवा असंही ठरतं. मग उकाडा फार होतो, विषय कलिंगडावर येतो, वर्गणी निघते. तेवढ्यात साइक्सच येतो, आणि सगळे गप्प.

इथे मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. ऑनसाईटला असताना माझ्या अपार्टमेंटची भिंत पातळ होती. पलीकडून रात्री आवाज यायचे. आपटण्याचे, मग रडण्याचे. मी काय केलं? टीव्हीचा आवाज वाढवला. सकाळी लॉन्ड्री रूममध्ये ती भेटली की 'गुड मॉर्निंग' म्हणायचो. वर्षभर. 'त्यांचं खाजगी आहे', 'आपण परदेशात, कशाला लफडी'... कारणं भरपूर होती.

तिचं नाव मला आजही माहीत नाही. तिच्या कुत्र्याचं माहीत आहे.

असो. या कथा भयकथा किंवा खुनाच्या कथा म्हणून वाचल्या असतील, तर एकदा त्यातले शेजारी शोधत वाचा. मला मी सापडलो.