वाट पाहण्याचा हिशेब

परवा एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेले गृहस्थ जिलबी मोडता मोडता म्हणाले, "एसटी म्हणजे पांढरा हत्ती! तोट्यातल्या सगळ्या फेऱ्या बंद करून टाकायला हव्यात." दुसऱ्याच्या मांडवात वाद नको म्हणून गप्प बसलो, पण जिलबी काही गोड लागली नाही. तेव्हा इथे लिहितो.

फेरी तोट्यातली ठरते ती मुख्यतः दोन आकड्यांवरून. एक, दर किलोमीटरला मिळालं किती आणि लागलं किती. दुसरा, भारमान, म्हणजे गाडीतल्या किती टक्के जागा भरल्या. दोन्ही आकडे हवेतच. डिझेल आणि पगार काही भावनेवर भागत नाहीत. पण या आकड्यांची गंमत बघा.

समजा, एका गावाहून तालुक्याला सकाळी दोन गाड्या जातात, प्रत्येकीत ४० जागा. आठच्या गाडीला २४ माणसं, दहाच्या गाडीला २०. सरासरी भारमान ५५ टक्के. कमी आहे म्हणून दहाची फेरी बंद केली. तिच्यातले १४ जण झक मारत दोन तास आधी निघून आठची गाडी धरू लागले. आता गाडीत ३८ माणसं, भारमान ९५ टक्के! तिकिटं ४४ ची ३८ झाली, पण किलोमीटर निम्मे झाले. कागदावर आगार सुधारलं.

आणि उरलेले सहा? कुणी वडापच्या जीपला लटकलं, कुणी कर्ज काढून मोटरसायकल घेतली, एखादीचं कॉलेज सुटलं. त्यांचं तिकीटच फाटलं नाही, म्हणून ते भारमानात नाहीत आणि उत्पन्नातही नाहीत. चढलेला माणूस मोजला जातो, चढू न शकलेला कुणाच्याच खिजगणतीत नसतो.

बरं, सकाळी तालुक्याला खच्चून भरून गेलेली गाडी लगेच गावाकडे फिरली की रिकामीच येणार. जाताना १०० टक्के, येताना शून्य, सरासरी ५०. यात वाहकाचा काय दोष आणि गावाचा तरी काय?

दुसरी गोष्ट सवलतींची. विद्यार्थ्यांच्या पासात ६६.६७ टक्के सवलत, २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. हे निर्णय सरकारचे. त्यापोटी सरकार एसटीला जे पैसे देतं, ते घेतलेल्या मालाचं बिल आहे. आमचे गृहस्थ मात्र त्याला खैरात म्हणतात! उलट एसटीच्या तिकिटावर सरकार वर्षानुवर्षं १७.५ टक्के प्रवासी कर घेत आलं, त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

गावाला जाणाऱ्या डांबरी रस्त्याला कुणी विचारतं का, की बाबा, गेल्या महिन्यात तू कमावलंस किती? मग त्याच रस्त्यावरून धावणाऱ्या लाल गाडीलाच हा प्रश्न का?

मोजू नका असं मी म्हणत नाही. उलट जास्त मोजा! किलोमीटरबरोबर दर प्रवाशामागचा खर्चही मांडा. ठरलेल्या फेऱ्यांपैकी किती सुटल्या आणि किती वेळेवर सुटल्या, ते नफातोट्याच्या शेजारी छापा. या गावातून सकाळी तालुक्याला जाऊन संध्याकाळी परत येता येतं का, याचं उत्तर गावागणिक लिहा. मग एखादी फेरी बंद करायचीच ठरली, तर आपण नेमकं काय बंद करतोय ते तरी कळेल.

१ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-नगर रस्त्यावर धावली. तेव्हापासून किती पिढ्या 'वाट पाहीन, पण एसटीनेच जाईन' म्हणत फाट्यावर उभ्या राहिल्या. गाडीच्या प्रत्येक किलोमीटरचा हिशेब आहे, त्या वाट पाहण्याचा कुठे आहे?

असो. पुढच्या पंगतीत मात्र गप्प बसणार नाही.