यंत्राचा सल्ला आणि शेतकऱ्याचा निर्णय

कपाशीवरील किडींच्या पाहणीत आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य मिळू लागले आहे. कामगंध सापळ्यातील पतंगांचे मोबाईलवर छायाचित्र घेतले असता यंत्र त्यांची मोजणी करून सल्ला देते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू केली व महाराष्ट्र शासनाने जून २०२५ मध्ये कृषी क्षेत्राकरिता कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले. हे साहाय्य स्वागतार्ह होय. कारण एका कार्यकर्त्यास अनेक गावांतील प्रत्येक शेतावर वेळेवर पोहोचणे शक्य नसते.

तथापि, यंत्राची मदत घेणे निराळे आणि निर्णयच त्याच्या स्वाधीन करणे निराळे. गुलाबी बोंडअळी कोवळ्या बोंडात शिरली की तिने पाडलेले छिद्र बुजून जाते. बोंड बाहेरून निकोप दिसते, आत मात्र अळी सरकी खात असते. छायाचित्रात हे दिसणार नाही. म्हणून सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ किंवा अधिक पतंग आढळल्यास ती धोक्याची सूचना समजावी, आणि शेतात फिरून निरनिराळ्या झाडांवरील वीस हिरवी बोंडे फोडून पाहावीत. त्यांपैकी दोन किंवा अधिक बोंडांत जिवंत अळी आढळली, म्हणजे प्रमाण शेकडा दहावर पोहोचले, तर फवारणी करणे योग्य ठरते.

फवारणी ही किरकोळ बाब नव्हे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. अनावश्यक फवारणीचा खर्च शेतकऱ्याच्या खात्यावर पडतो आणि तिचा धोका पंप पाठीवर घेणाऱ्यास सोसावा लागतो; यंत्रास यांतील काहीच सोसावे लागत नाही. ज्याच्या शिरावर परिणाम, त्याच्याच हाती निर्णय असणे न्याय्य होय.

यास्तव कार्यकर्त्याने मोबाईलवरील संदेश हुकमाप्रमाणे वाचून दाखवू नये. शेतकऱ्यास बरोबर घेऊन बोंडे फोडावीत व सल्ल्यामागील कारण समजावून सांगावे. सल्ला न पटल्यास शेतकऱ्यास हट्टी ठरवू नये. त्याचे कारण वहीत नोंदवून वरिष्ठांकडे पाठवावे. अशा नोंदींवरूनच यंत्राच्या चुका उमगतील व त्या सुधारता येतील. शेतकरी बंधूंनीही 'मोबाईलने सांगितले' एवढ्यावर औषध आणावयास धावू नये.

बैलाच्या बळावर नांगर चालतो, परंतु तास कोठे धरावयाचे हे बैल ठरवीत नाही. यंत्ररूपी हा नवा बैल अवश्य जुंपावा. कासरा मात्र शेतकऱ्याच्याच हाती राहिला पाहिजे.