‘तुम्हाला जमेल तेव्हा सांगा’ म्हणणं आजपासून बंद!



घरगुती पार्टीतून विक्री करणाऱ्या ताई मला एक प्रश्न हमखास विचारतात. ‘सर, बुकिंगच मिळत नाही, काय करू?’ मी उलट विचारतो, ‘शेवटची तारीख मागितली, तेव्हा नेमकं काय बोललात?’ उत्तर जवळपास ठरलेलं असतं. ‘मी म्हटलं, तुम्हाला जमेल तेव्हा सांगा.’

झालं. धंदा तिथेच अडकला. समोरच्या ताईंना जमतच नाही, कारण ‘जमेल तेव्हा’ नावाचा वार कुठल्याच कॅलेंडरवर नसतो. त्या नाही म्हणालेल्या नसतात, पण हो पण म्हणालेल्या नसतात. आणि तुम्ही मात्र वहीत ‘एक बुकिंग आहे’ असं धरून बसता.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. एखाद्या ताईच्या हॉलमध्ये आठ-दहा जणी जमतात. तुम्ही साड्या, इमिटेशन ज्वेलरी, डबे, कॉस्मेटिक्स, मसाले, जे काही असेल ते हातात देऊन दाखवता आणि ऑर्डर घेता. जिच्या घरी पार्टी झाली तिला भेटवस्तू किंवा सवलत मिळते. या धंद्यात दुकानाचं भाडं नाही. पण दुकानाला शटर असतं, उघडायची वेळ असते. तुमच्याकडे त्या जागी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे कॅलेंडर. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की मिळेल ती तारीख घेत फिरू नका. तारीख तुम्ही द्यायची.

भिशीकडून शिका

आपल्याकडे भिशी कशी चालते बघा. दर महिन्याला ठरलेला दिवस, ठरलेली वेळ. कोणी कोणाला ‘कधी जमेल?’ असं विचारत नाही. ज्या बायकांना एरवी ‘अगं वेळच नाही’ असतं, त्याच बायका भिशीला बरोबर हजर असतात. कारण तारीख आधी ठरलेली असते आणि बाकीची कामं तिच्या अवतीभवती बसवली जातात.

तुमच्या पार्टीचंही तसंच करा. महिना सुरू होण्याआधी तुमचे कामाचे वार पक्के करा. समजा, बुधवार आणि शनिवार, दुपारी चार ते सहा. म्हणजे महिन्यात साधारण आठ जागा झाल्या. मग बोलताना दोन तारखा पुढे ठेवा. ‘ताई, येत्या शनिवारनंतरचा बुधवार की त्यापुढचा शनिवार?’ माणसाला दोनातून एक निवडणं सोपं जातं. अख्ख्या महिन्यातून एक निवडायला सांगितलं की तो ‘यांना विचारून सांगते’ म्हणतो.

आणि तारीख फार लांबची देऊ नका. आठवड्याच्या आतली दिली तर आमंत्रणं करायला वेळ मिळत नाही. दोन महिन्यांनंतरची दिली तर मधे लग्न, आजारपण, पाहुणे, काहीतरी येतंच. दहा दिवस ते तीन आठवडे, या टप्प्यात बसणारी तारीख सगळ्यात जास्त टिकते.

एक बुकिंग म्हणजे चार तारखा

इथे बहुतेकांचं गणित चुकतं. वहीत फक्त पार्टीचा दिवस लिहिलेला असतो. पण एका पार्टीच्या मागे चार कामं असतात:

१. पार्टीच्या आठ दिवस आधी: होस्ट ताईंकडून पाहुण्यांची यादी घेणं. यादी नाही, तर पार्टी कच्ची समजा.
२. आदल्या दिवशी: आठवण करणं. नुसता ग्रुपवर मेसेज टाकून भागत नाही. होस्टने प्रत्येकीला स्वतः फोन करावा, असा आग्रह धरा.
३. पार्टीचा दिवस.
४. माल पोचवण्याचा आणि पैसे घेण्याचा दिवस. हा पार्टीतच सगळ्यांसमोर जाहीर करा.

चारही तारखा बुकिंग घेताना लगेच लिहायच्या. वेगवेगळ्या रंगांच्या पेनने लिहा, मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाका, कसंही करा, पण चारही लिहा.

चौथी तारीख विसरलात की उधारी सुरू झालीच म्हणून समजा. ‘पुढच्या आठवड्यात देते’ म्हणणारी ताई वाईट नसते. तिला कुठला दिवस ते सांगितलेलंच नसतं. तुमचा माल मात्र गेलेला असतो आणि घाऊकवाला त्याच्या पैशांसाठी थांबत नाही.

आता एक हिशेब मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे टाका. एका पार्टीत ६,००० रुपयांची विक्री झाली आणि तुमचं मार्जिन २५ टक्के आहे. म्हणजे १,५०० रुपये. होस्टची भेट, रिक्षा, पिशव्या यांचे ३०० वजा करा. राहिले १,२००. वेळ किती गेला? दोन तास पार्टी, एक तास जाणं-येणं, तीन तास फोन, पॅकिंग, डिलिव्हरी. एकूण सहा तास. म्हणजे तासाला २०० रुपये. हे वाईट नाही. पण त्यातल्या दोन ऑर्डरींसाठी तुम्ही चार-चार वेळा हेलपाटे घातलेत, तर तास नऊ होतात आणि तासाचे १३३ रुपयेच उरतात. विक्री तेवढीच, कमाई एक तृतीयांशाने खाली! हे नुकसान वहीत कुठेच दिसत नाही, म्हणून कोणाला कळतही नाही.

कालनिर्णय समोर ठेवूनच बसा

मोबाईलचं कॅलेंडर सोयीचं आहे, वापराच. पण आपल्या ग्राहक ताईंचं वर्ष इंग्रजी महिन्यांवर कमी आणि सणांवर जास्त चालतं. १९७३ पासून घराघरांत भिंतीवर टांगलेलं कालनिर्णय खाली काढा आणि त्यात बघून तारखा मांडा.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं असतात. बायका आपसूक एकत्र येतात, पण त्या काळात नवीन पार्टी मागणं उशिराचं आहे. वाणाची खरेदी संक्रांतीच्या आधीच झालेली असते. वाणाच्या वस्तू विकायच्या असतील तर तुमच्या पार्ट्या डिसेंबरात व्हायला हव्यात. तेव्हा मार्गशीर्षातल्या गुरुवारी संध्याकाळी कोणाच्या घरी जाऊ नका, अनेक घरांत पूजेची गडबड असते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीची मुलं असलेल्या घरी हॉल मागू नका. चैत्रात पुन्हा हळदीकुंकवं येतात, अक्षय्य तृतीयेपर्यंत. जूनमध्ये फी, वह्या-पुस्तकं, गणवेश यांत घरचे पैसे गेलेले असतात, तेव्हा मोठ्या किमतीचा माल उचलला जात नाही. श्रावणात मंगळागौर आणि मग गौरी-गणपती. नंतर पितृपक्ष. त्यात नवीन खरेदी टाळणारी बरीच घरं असतात. ते पंधरा दिवस रिकामे आहेत म्हणून घाबरू नका. तेव्हा जुन्या ग्राहकांना फोन करा, वसुली पूर्ण करा आणि नवरात्र ते दिवाळीचं बुकिंग भरा.

आणखी एक. मागच्या वर्षीच्या इंग्रजी तारखा उचलून या वर्षी वापरू नका. लक्ष्मीपूजन २०२५ मध्ये ऑक्टोबरात आलं, तर २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे ते नोव्हेंबरात. तुमचा दिवाळीचा माल, तुमच्या पार्ट्या, सगळं त्याप्रमाणे सरकायला हवं.

पुढची तारीख त्याच हॉलमध्ये असते

टपरवेअरचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं, पण त्यातलं मर्म थोड्यांनाच दिसतं. अमेरिकेत हे डबे दुकानात पडून राहायचे, कारण झाकण हवाबंद कसं करायचं हेच लोकांना कळत नव्हतं. ब्राउनी वाइज नावाच्या बाईंनी ते घराघरांत दाखवून विकलं. १९५१ मध्ये कंपनीने दुकानांतून माल काढून घेतला, सगळी विक्री पार्ट्यांवर आणली आणि त्या कामाची सूत्रं त्यांच्याकडे दिली. १९५४ मध्ये ‘बिझनेस वीक’च्या मुखपृष्ठावर त्या झळकल्या, तिथे पोचलेल्या त्या पहिल्या महिला.

त्या पद्धतीचा कणा काय होता? आजच्या पार्टीतली पाहुणी ही उद्याची होस्ट. बस्स. त्यामुळे विक्री किती झाली यापेक्षा मी आधी विचारतो, ‘निघताना किती तारखा घेऊन निघालात?’ प्रत्येक पार्टीतून दोन पक्क्या तारखा, हे लक्ष्य ठेवा. त्यातली एक गळेल, एक राहील आणि साखळी चालू राहील. शून्य तारखा घेऊन निघालात तर त्या दिवशी १०,००० ची विक्री झाली असली तरी तुमचा पुढचा महिना रिकामा आहे.

मात्र एक काळजी घ्या. एकाच बिल्डिंगमध्ये लागोपाठ तीन पार्ट्या ठेवल्या की त्याच दहा जणी तिन्हीकडे येतात. पहिल्या ठिकाणी आवडीने घेतात, दुसरीकडे संकोचाने, तिसरीकडे येतच नाहीत. म्हणून पुढची होस्ट निवडताना जिचं वर्तुळ वेगळं आहे ती निवडा: ऑफिसमधली मैत्रीण, दुसऱ्या सोसायटीतली वहिनी, वेगळ्या भिशीतली काकू. त्याच बायकांकडे परत जायचं तर मधे निदान दोन महिने जाऊ द्या.

‘पण सर...’

‘सर, आम्ही तारीख ठरवली तर लोक म्हणतील, हिला शिष्टपणा आलाय.’ नाही म्हणणार. डॉक्टर वेळ देतात, पार्लरवाली वेळ देते, तिथे आपण निमूट जातोच की. शिवाय थेट विक्रीसाठी केंद्र सरकारचे २०२१ चे नियम आहेत. कंपनीचा माल घरोघरी विकणाऱ्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये, असं त्यात सांगितलंय. तुमचा माल स्वतःचा असला तरी ही सवय चांगलीच आहे.

‘सर, पार्टी रद्द झाली तर?’ होणारच. पण फोन ठेवण्याआधी नवीन तारीख ठरवा. ‘काही हरकत नाही ताई, पुढचा बुधवार की शनिवार?’ दोनदा रद्द झाली तर गोड बोलून ती जागा दुसऱ्या ताईंना द्या. राग धरू नका, पण वाट बघत पण बसू नका.

‘सर, आता सगळं ऑनलाइन मिळतं, पार्टीला कोण येणार?’ हा प्रश्न खरा आहे. टपरवेअरसारख्या कंपनीने २०२४ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला, हे मी लपवणार नाही. जी वस्तू फोटो बघून घेता येते तिच्यासाठी कोणी तुमच्या वेळेनुसार येणार नाही. हात लावून बघावी लागते, अंगावर धरून बघावी लागते, वापरून दाखवावी लागते, अशीच वस्तू या धंद्यासाठी निवडा.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. ज्या कामाला ठरलेली वेळ नसते, त्या कामाला घरात कोणी काम म्हणत नाही. ‘काय, जरा फिरून येते’ असं समजलं जातं. फ्रिजवर ‘बुधवार, शनिवार, ४ ते ६’ असा कागद लावलात की घरचे त्या वेळेत दुसरं काम सांगताना विचार करतात. सासूबाई मुलांना बघतात, नवरा आपला चहा आपण करून घेतो. पहिल्या आठवड्यात नाही होणार, पण दोन-तीन महिन्यांत होतं. उरलेले दिवस घरासाठी मोकळे आहेत, हेही त्यांना त्याच कागदावर दिसतं.

आज रात्री जेवणं झाली की एवढं करा. पुढच्या चार आठवड्यांचे दोन वार पक्के करा. सण, परीक्षा, घरची कार्यं यांवर काट मारा. ज्या जागा उरतील त्या मोजा. मग ‘जमेल तेव्हा सांगा’ म्हणून सोडून दिलेल्या तीन ताईंना उद्या फोन लावा आणि प्रत्येकीला दोन तारखा द्या.

चला, लागा कामाला. भेटू पुढच्या व्हिडिओत!