गोळ्या संपल्या, जळजळ संपली नाही

लघवीला जळजळ झाली की आपल्या वस्तीतले पुरुष म्हणतात, ‘उन्हाळी लागली’. शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात दोष उन्हाचा असतो, माणसाचा नसतो. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा घेतला की झालं. खरी उन्हाळी दोन-चार दिवसांत उतरतेही. पण भर पावसाळ्यात महिना-महिना टिकते ती उन्हाळी कसली?

एका शिबिरात एक रिक्षावाले दादा बीपी तपासायला म्हणून बसले. पट्टा सोडताना हळूच म्हणाले, “सिस्टर, एक विचारू का?” बाहेर एकदा संबंध आला होता. चार दिवसांनी जळजळ आणि पू सुरू झाला. मेडिकलवाल्याने गोळ्या दिल्या, पू थांबला, जळजळ राहिली. मग दुसऱ्या मेडिकलच्या गोळ्या. मग स्टेशनबाहेरचा ‘गुप्तरोग तज्ज्ञ’, तिथे उसने काढून पैसे भरले. तीन महिने झाले होते. याच काळात वहिनी ओटीपोट दुखतं, अंगावरून पांढरं जातं म्हणून वेगळ्याच डॉक्टरकडे खेटे घालत होत्या. दोघांच्या चिठ्ठ्या घरात एकाच डब्यात होत्या, पण हिच्या डॉक्टरला त्याचं माहीत नाही आणि त्याच्या डॉक्टरने हिचं विचारलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की हा आजार एकट्या पुरुषाचा समजून औषध घेतलं तर तो हटत नाही. परमा, म्हणजे गनोरिया, आणि क्लॅमिडिया हे दोन्ही जंतू पुष्कळदा एकत्र येतात. एकावरची गोळी दुसऱ्याला पुरत नाही. परम्याचे जंतू तर कितीतरी जुन्या गोळ्यांना आता दाद देत नाहीत. मायकोप्लाझ्मा नावाचा आणखी एक जंतू नेहमीच्या औषधातून निसटतो. आणि समजा नवरा पूर्ण बरा झाला, पण बायकोला औषधच दिलं नाही, तर तोच जंतू पुन्हा त्याच्याकडे येतो. तिला बहुतेक वेळा काही त्रासही जाणवत नाही. आत गर्भनलिकांना सूज येऊन त्या बंद होऊ शकतात. मग मूल होत नाही आणि बोल तिलाच लागतो. हे मी इतक्या घरांत पाहिलंय, की आता राग आवरत नाही.

उलटही घडतं. जंतू गेलेला असतो, पण दादा रोज सकाळी दाबून-पिळून बघतात, पू येतो का. त्या पिळण्यानेच मार्ग चिडतो आणि जळजळ राहते. हात आवरा! कधी मूळ कारणच वेगळं असतं: साखर, मुतखडा, प्रोस्टेट, क्वचित मूत्रमार्गाचा टीबी. धार बारीक झाली असेल तर मार्ग अरुंद झाला असू शकतो. लघवीतून रक्त, ताप, अंडाला सूज किंवा दुखणं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

‘लघवीचा कल्चर नॉर्मल आला’ म्हणून निश्चिंत होऊ नका. साध्या कल्चरमध्ये क्लॅमिडिया दिसतच नाही. त्याची तपासणी वेगळी, आणि तिला लघवी पहिल्या धारेची लागते, तासभर तरी आधी न गेलेली. (पहिल्या धारेची म्हटल्यावर शिबिरात पुरुष हसतात. हसू दे, लक्षात तरी राहतं.)

सरकारी जिल्हा रुग्णालयांत आणि मेडिकल कॉलेजांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तपासणी, समुपदेशन आणि औषध फुकट. एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणीही तेव्हाच करून घ्या. संबंध नुकताच आला असेल तर एचआयव्हीची तपासणी पुन्हा कधी करायची तेही विचारा. आधी घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. जायच्या आधी बोलायचं असेल तर 1097 हा फोन फुकट आहे. दोघांचं औषध संपून सात दिवस होईपर्यंत आणि त्रास थांबेपर्यंत संबंध नको.

“बायकोला काय सांगू?” हा खरा अवघड प्रश्न. त्या दादांनीही तोच विचारला. मी म्हटलं, “तुम्हाला जमत नसेल तर समुपदेशकासमोर सांगा, पण तिला औषधाविना ठेवू नका.” दादा आठवडाभर आले नाहीत. मग दोघं आले. वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत, त्यांच्याशीही नाही. औषध मात्र दोघांनी घेतलं.

एक कबुली देते. वॉर्डात ड्युटीला असताना असा पेशंट आला की आम्ही नर्सेस एकमेकींकडे बघून हसायचो, केसपेपरवरचं मोठ्याने वाचायचो. तो माणूस पुढे मेडिकलवाल्याकडे गेला, यात आमचाही वाटा होता.

म्हणून शिबिरं भरवणाऱ्या मंडळांना विनंती आहे. बीपी-शुगरच्या टेबलामागे एक पडदा लावा, तिथे एक पुरुष आरोग्यसेवक बसवा, आणि वेळ संध्याकाळी सातनंतरची ठेवा. दुपारी आपले पुरुष कामावर असतात.