समुद्र सर्वांचा, पण रस्ता कोणाचा?



सुटी दिवाळीची असो की उन्हाळ्याची, आपल्या घरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "पप्पा, या रविवारी कुठे न्यायचं?" उत्तरही ठरलेले असते. "बघू, पुढच्या रविवारी." पुढचा रविवार ओव्हरटाइममध्ये जातो, त्याच्या पुढचा साखरपुड्यात किंवा बारशात. असे करता करता पोर दहावीला जाते. मुंबईत जन्मले, मुंबईत वाढले, पण हँगिंग गार्डन कशाशी खातात हे ठाऊक नाही, अशी मुले शोधायला आम्हाला आमच्या वस्तीबाहेर जावे लागत नाही.

म्हणून या वेळी आम्ही आपल्याच शहराची एक दिवसाची सहल वाचकांपुढे ठेवीत आहोत. ही टूरवाल्यांची सहल नव्हे. गाडी आपली, हात आपले आणि डबाही आपलाच. गेल्या काही वर्षांत आपल्या दारांत हप्त्याने घेतलेल्या स्कूटर आणि मोटारसायकली उभ्या राहिल्या. कोणी रिक्षा चालवतो, कोणी इको व्हॅनवर संसार रेटतो. आठवडाभर पोटासाठी धावणारी गाडी एक दिवस घरच्या माणसांसाठी धावली, तर तो दिवस वाया गेला असे कोणी समजू नये.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. स्कूटरवर माणसे दोन, आणि हेल्मेटही दोन. मुंबईत २०२२ पासून मागे बसणाऱ्यासही हेल्मेट सक्तीचे झालेले आहे. नवरा, बायको आणि मध्ये दोन लेकरे कोंबून निघणे हे कायद्यात तर बसत नाहीच, पण लेकरांच्या जिवाशीही खेळ आहे. तेव्हा तीन-चार कुटुंबांनी एकत्र यावे. ज्याची व्हॅन असेल त्याने बायका, म्हातारी माणसे आणि पोरे घ्यावीत, बाकीच्यांनी दुचाकीवर निघावे आणि पेट्रोलचा खर्च डोईमागे वाटून घ्यावा. रिक्षावाल्या बांधवांना मात्र माहीम आणि शीवच्या अलीकडेच थांबावे लागते. शहर बेटात रिक्षाला परवानगी नाही. त्यांनी जुहू-वर्सोव्याचा बेत आखावा.

आमच्या वस्तीतील चार कुटुंबे गेल्या हिवाळ्यात अशी निघाली. एक व्हॅन आणि दोन स्कूटर. पहिला मुक्काम भायखळ्याची राणीची बाग, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. ही बाग बुधवारी बंद असते. सकाळी साडेनऊच्या सुमारास दारावर हजर राहिलात तर गर्दीच्या आत आत शिरता येते. पोरांना २०१६ साली आलेल्या पेंग्विनचे वेड. पण मोठ्यांनी झाडांकडेही बघावे, एवढी जुनी आणि इतक्या जातींची झाडे मुंबईत एका जागी क्वचितच सापडतील. काळा घोडा नावाच्या चौकातला मूळ घोडा याच बागेत आणून ठेवलेला आहे. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीच्या बेटाला एलिफंटा हे नाव पडले ते याच हत्तीमुळे. ही गोष्ट पोरांना हत्तीसमोर उभे करून सांगावी, म्हणजे ती पाठ करावी लागत नाही.

आम्ही पडलो हिशेबाच्या टेबलावरचे कारकून, तेव्हा तिकिटाचा हिशेबही सांगतो. २०१७ च्या ऑगस्टपूर्वी या बागेचे तिकीट मोठ्यांना ५ रुपये आणि मुलांना २ रुपये होते. म्हणजे आईबाप आणि दोन मुले मिळून १४ रुपये. त्या ऑगस्टपासून एकट्या मोठ्या माणसाला ५० आणि चौघांच्या कुटुंबाला १०० रुपये झाले. जनावरांची निगा, नवे पिंजरे यांना पैसा लागतो हे आम्हाला मान्य आहे. पण १४ चे १०० होताना ज्याची मजुरी तेवढ्या पटीने वाढली नाही, तो कामगार दारावर येऊन मनातल्या मनात गणित करतो, हेही कोणी मान्य केले पाहिजे.

तेथून मलबार हिल. चढणीवर गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच ठेवावी. हँगिंग गार्डनचे नाव आता फिरोजशहा मेहता उद्यान. ही बाग शहराला पाणी पुरवणाऱ्या टाकीच्या डोक्यावर केलेली आहे. आपण हिरवळीवर चालतो आणि पायाखाली दक्षिण मुंबईचे पाणी असते. समोरच कमला नेहरू पार्क आणि त्यातला म्हातारीचा बूट. येथून मरीन ड्राइव्हची कमान एका नजरेत दिसते. या दोन्ही बागांना तिकीट नाही. जवळच झाडांच्या उंचीवरून जाणारी लाकडी पायवाट २०२५ साली सुरू झाली. तिला २५ रुपयांचे तिकीट ठेवण्यात आले आणि ते आधी मोबाइलवर काढावे लागते. काही बागा भर दुपारी बंद ठेवतात, बागेत डबा खाऊ देत नाहीत, हे आधी विचारून घ्यावे.

डोंगर उतरून चर्नी रोड स्टेशनाकडे या. स्टेशनाजवळ एक लहानशी बाग आहे, हल्ली तिला स. का. पाटील उद्यान म्हणतात. बहुतेक लोक तिच्याकडे न बघता चौपाटीवर जातात. आपण मात्र येथे गाडी थांबवलीच पाहिजे. जुनी माणसे जिला चर्नी रोड गार्डन म्हणत ती हीच बाग. परळच्या चाळीत एका खोलीत सारे कुटुंब राहत असलेला, एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणारा एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर येथे पुस्तक घेऊन बसत असे. त्याच बागेत येणाऱ्या कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्या मुलाला वाचताना पाहिले, चौकशी केली, पुढे पुस्तके दिली. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा त्याच्या सत्कारात केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. तो मुलगा कोण, हे या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

पण या घटनेकडे आणखी एका बाजूने बघावे असे आम्हाला वाटते. ज्याच्या घरात पाय पसरायला जागा नव्हती, त्याला शहराच्या एका बाकाने जागा दिली. बाक फुकट होते. दारावर कोणी त्याला "कशाला आलास?" असे विचारून परत पाठवले नाही. बाबासाहेबांची बुद्धी, त्यांचे कष्ट आणि रामजी सुभेदारांची चिकाटी यांना तोड नाही. तरीही संध्याकाळच्या उजेडात बसायला एक जागा लागते, आणि ती घरात नसेल तर शहराने द्यावी लागते.

आजची गोष्ट पाहा. एका बागेत आमच्या वस्तीतली तीन-चार मुले परीक्षेच्या दिवसांत वह्या घेऊन बसली होती. रखवालदार आला. "इथं अभ्यास करायचा नाही, बाग फिरायला आहे," म्हणून त्याने त्यांना उठवले. त्या बिचाऱ्यालाही वरून हुकूम असेल. पण त्याच बागेत सकाळी योगासनांचे वर्ग भरतात, त्यांना कोणी उठवत नाही. मुले मुकाट्याने उठून आली, याचेच आम्हाला जास्त वाईट वाटले. सार्वजनिक पैशाने राखलेल्या जागेतून कोणालाही धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून अडवता येणार नाही, असे संविधानाच्या पंधराव्या कलमात लिहिलेले आहे. गरिबाच्या पोराला हटकताना आता जात विचारली जात नाही. कपडे बघितले जातात, एवढेच. तेव्हा आपल्या मुलांनी पुढच्या वेळी नम्रपणे विचारावे, "काका, हा नियम कुठे लिहिला आहे, तो दाखवा." बहुतेक वेळा तो कुठेच लिहिलेला नसतो.

संध्याकाळी गिरगाव चौपाटी. गाडी पैसे भरून ठेवण्याच्या जागीच लावावी, नाहीतर सूर्यास्ताच्या मोबदल्यात दंडाची पावती हाती येते. आणि आमच्या भगिनींसाठी एक सूचना. बाहेर स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने आपल्या बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. तसे करू नये. व्हॅनमधल्या एकाने प्रत्येक मुक्कामावर प्रथम स्वच्छतागृह कोठे आहे ते बघून यावे, मग भेळ.

परतीच्या वाटेवर आमच्या मंडळींची ताटातूट झाली. मरीन ड्राइव्हवरून व्हॅन किनारी रस्त्याच्या बोगद्यात शिरली आणि स्कूटरवाले जुन्या पेडर रोडने हाजी अलीकडे निघाले. कारण किनारी रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. स्कूटरवर बापाच्या मागे बसलेल्या सहावीतल्या मुलाने विचारले, "पप्पा, आपली गाडी त्या रस्त्यानं का नाही जात?" बाप म्हणाला, "लहान गाडी आहे ना बाळा आपली." पोराने पुढे विचारले, "मग लहान गाडीसाठी वेगळा रस्ता का नाही केला?" दादरला व्हॅन बरीच आधी पोहोचली होती, आणि मुलाच्या प्रश्नावर मोठ्या माणसांत कोणाला उत्तर सुचले नव्हते.

हा प्रश्न बालिश नाही. मरीन ड्राइव्ह ते वरळी हा सुमारे साडेदहा किलोमीटरचा किनारी रस्ता सुमारे १४ हजार कोटी रुपये खर्चून झाला. २०२४ च्या मार्चपासून तो टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि २०२५ च्या जानेवारीत वांद्रे-वरळी सागरी सेतूला पूर्णपणे जोडला गेला. त्यावर टोल नाही. परंतु दुचाकी, रिक्षा आणि सायकल यांना तेथे प्रवेश नाही. सागरी सेतूवर नाही, पूर्व मुक्त मार्गावर नाही, जे. जे. उड्डाणपुलावरही नाही. वेगाने धावणाऱ्या मोटारींत स्कूटरवाल्याचा जीव धोक्यात येतो, हे सरकारी कारण खोटे नाही. मुंबईत अपघातात दुचाकीवाले किती मरतात हे आम्ही रोज वाचतो. म्हणून "बंदी उठवा" अशी घोषणा आम्ही देणार नाही. आमचे म्हणणे इतकेच की, रस्त्याचा पैसा पालिकेच्या तिजोरीतून जातो, आणि त्या तिजोरीत स्कूटरवाल्याचाही पैसा आहे. मग स्कूटरवाल्याला त्याच्या वाट्याचे काही मिळाले पाहिजे. या रस्त्यावर बेस्टच्या बसला मुभा आहे. तेव्हा बस भरपूर हव्यात, त्या रविवारीही हव्यात, आणि त्यांचे थांबे समुद्राकडे उतरता येईल असे हवेत.

आणि एक वाटा असा आहे की जो आपण मागितलाच पाहिजे. या रस्त्यासाठी समुद्रात भराव टाकून जी जमीन मिळाली, तिच्यातील सुमारे ७० हेक्टर जागा हिरवळीसाठी ठेवण्याचे पालिकेने जाहीर केलेले आहे. रस्त्याच्या कडेचा समुद्रपदपथ १५ ऑगस्ट २०२५ ला लोकांना खुला झाला. पहिल्या टप्प्यात सव्वापाच किलोमीटर. तेथे जायला पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग आहेत. म्हणजे स्कूटर वरळीला किंवा हाजी अलीला लावून सहकुटुंब पायी जाता येते. वाचकांनी अवश्य जावे. जागा वापरात असली म्हणजे तिच्यावर हक्क राहतो. ती ओस पडली की उद्या तेथे क्लबाची पाटी लागायला वेळ लागत नाही.

शेवटचा मुक्काम दादर. शिवाजी पार्क हे मैदान १९२५ साली झाले, आणि आजही तेथे कोणाही पोराला बॅट घेऊन उतरता येते. चैत्यभूमीला वंदन करून शेजारच्या माता रमाबाई आंबेडकर यांच्या नावाच्या सज्जावर थोडा वेळ उभे राहावे. तो २०२२ साली झाला. आपण ६ डिसेंबरला लाखोंच्या रांगेतून येथे येतो, तेव्हा समुद्राकडे बघायला सवड नसते. एरव्हीच्या रविवारी ती मिळते.

पाण्याबाबत मात्र कोणाचेही ऐकू नये. पावसाळ्यात आणि भरतीच्या वेळी मुलांना गुडघाभर पाण्यातही सोडू नये. २०२३ च्या जूनमध्ये जुहूला चार कोवळी मुले बुडाली, ती आपल्यासारख्याच वस्तीतली होती. मालाडचा अक्सा किनारा तर वरून शांत दिसतो आणि आतून ओढतो. जीवरक्षकाची शिट्टी झाली की बाहेर यायचे, हे घरूनच बजावून न्यावे.

आपला कचरा आपल्या पिशवीत परत आणावा. वर्सोव्याचा किनारा कचऱ्याखाली गेला होता. २०१५ पासून अफरोज शहा आणि त्यांच्याबरोबर आलेल्या नागरिकांनी आठवड्यामागून आठवडे तो हातांनी उपसला, आणि २०१८ साली तेथे कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. धारावीजवळचे महाराष्ट्र निसर्ग उद्यानही एके काळी कचऱ्याचे मैदान होते. १९९४ साली ते लोकांना खुले झाले. हेही पोरांना एकदा दाखवून आणावे.

तर वाचकहो, येत्या महिन्यातला एक रविवार आताच कॅलेंडरवर लाल करून ठेवा. चार घरे जमवा, टायरमधली हवा आणि गाडीचे कागद तपासा, भाकरी-चटणी बांधून घ्या. पिशवीत मुलांचे एखादे पुस्तकही टाका, आणि चर्नी रोडच्या त्या बागेत बाकावर बसून त्यांना दोन पाने मोठ्याने वाचू द्या. कोणी हटकले, तर काय विचारायचे ते वर सांगितलेच आहे.