सहा दिवस थांबा!
लेहला विमानातून उतरायचं आणि दुसऱ्याच दिवशी आसपासच्या दोन-तीन उघड्याबोडक्या शिखरांची फेरी मारायला निघायचं, असे आपले ट्रेकर मला दर उन्हाळ्यात भेटतात. अडवलं की उत्तर ठरलेलं, "सर, आम्ही नळीची वाट चढलोय!" अहो, सह्याद्रीत पायांत दम लागतो, इथे रक्ताला वेळ द्यावा लागतो. लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. सैन्यात या उंचीसाठी सहा दिवस ठरलेले, त्यातले पहिले दोन निव्वळ विश्रांतीचे. पंचविशीतल्या जवानालाही सूट नाही. फेरीच्या मध्यावर, घसाऱ्यात डोकं ठणकू लागलं, तर पुढे-मागे अंतर सारखंच. तेव्हा मुकाट्याने खाली उतरा. माझ्या तुकडीत मागे फिरणाऱ्याला कुणी हसत नाही.