वेळ लिहून ठेवा, मग गाडी काढा

मंचर-नारायणगाव पट्ट्यात मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. अंगावरून वारं गेलं, की आधी तेल चोळतात, मग गावातलं सलाईन, मग पाहुण्यांची वाट. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही तर. आहुपे किंवा घाटघरहून निघालेल्यांचा यातला बराच वेळ घाटरस्त्यातच सरतो. म्हणून तोंड वाकडं दिसताच १०८ लावा, माणूस शेवटचा धडधाकट कधी होता ती वेळ लिहा आणि सीटी स्कॅन कुठे चालू आहे ते विचारूनच गाडी वळवा. घोटभर पाणीही पाजू नका. ते फुप्फुसात उतरू शकतं.

घरी आल्यावरची हेळसांड मला जास्त सलते. लुळा हात धरून मुलगा वडिलांना ओढून उठवतो. मायेनंच, पण खांदा सांध्यातून खाली उतरतो आणि मग दुखण्यापायी ते व्यायामच नाकारतात. त्या हाताखाली उशी द्या, उठवताना पाठीला आणि कमरेला आधार द्या. प्रकृती स्थिरावली, की एक-दोन दिवसांत थोडं थोडं बसवणं सुरू व्हायला हवं; महिनाभर खाटेवर निजवणं म्हणजे आराम नव्हे. वाडीवस्तीवर रोज फिजिओथेरपिस्ट पोचणार नाही, आशाताई पोचतात. जिल्हा परिषदेनं त्यांना हा खांदा धरायला शिकवावं आणि त्या कामाचा मोबदलाही द्यावा.